जुन्या गाडीच्या इंजिनाचा मूळ रंग कसा शोधायचा

इंजिन पूर्ण खोललं, बोअर झालं, पिस्टन-रिंगा नव्या आल्या, क्रँक ग्राइंड होऊन आला. आता जोडणी सुरू होणार, तेवढ्यात मिस्त्री विचारतो, "साहेब, रंग कुठला मारू?" एवढी मेहनत घेणारा माणूसही इथे घाई करतो. सिल्व्हर मारून टाका म्हणतो, किंवा गाडीचा जो रंग आहे तोच इंजिनालाही द्यायला सांगतो. गाडी चालायला यानं काही फरक पडत नाही. पण गाडी जशी कारखान्यातून बाहेर पडली तशी पुन्हा उभी करायची असेल, तर बॉनेट उघडल्यावर सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो हाच रंग.

हा लेख पहिल्यांदाच जुनी गाडी हाती घेतलेल्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून मी मुख्यतः ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, म्हणजे बीएमसीचं बी-सिरीज इंजिन घेतलं आहे. एक तर एमजी गाड्यांमुळे ते जगभर पोहोचलं आहे, आणि दुसरं म्हणजे आपल्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं धडधडलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. पद्धत मात्र कुठल्याही गाडीला लागू पडेल.

रंग गाडीचा नसतो, इंजिनाचा असतो

ऑस्टिन आणि नफिल्ड (मॉरिस आणि एमजी हिच्याच) या दोन कंपन्या १९५२ मध्ये एकत्र आल्या आणि बीएमसी तयार झाली. त्यानंतर एकच इंजिन अनेक नावांच्या गाड्यांत बसू लागलं. १४८९ सीसीची बी-सिरीज मॉरिस ऑक्सफर्डमध्ये होती, ऑस्टिन केंब्रिजमध्ये होती आणि १९५५ मध्ये आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही होती. पण ऑस्टिन-मॉरिसच्या घरगुती गाड्यांतली इंजिनं हिरवी, तर एमजीएचं इंजिन गडद मरून. म्हणजे "बी-सिरीजचा मूळ रंग कोणता?" या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठल्या गाडीसाठी, कुठल्या वर्षी आणि कुठल्या कारखान्यात तयार झालेलं इंजिन, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बाकीच्या कंपन्यांतही हेच. फोर्डनं १९६६ पासून अमेरिकेतली आपली इंजिनं सरसकट निळी केली. म्हणून मस्टँग म्हटलं की लोक निळं इंजिन गृहीत धरतात. पण १९६५ च्या मस्टँगमध्ये ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, काळा असे आणि रॉकर कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) व एअर क्लीनर यांचा रंग इंजिनानुसार बदले: २८९ घनइंचाच्या व्ही-८ ला सोनेरी, सहा सिलिंडरला लाल. एका वर्षाच्या फरकानं सगळं चित्र पालटतं. जॅग्वारच्या एक्सके इंजिनांत तर सिलिंडर हेडचा रंगच प्रकार सांगायचा. सी-टाइप हेड लाल, एक्सके १५० एसचं स्ट्रेट-पोर्ट हेड सोनेरी, आणि सुरुवातीच्या ३.८ लिटर ई-टाइपचंही सोनेरी.

मुंबईकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी कारखाना १९२८ ते १९५४ चालला. तिथे जोडलेल्या शेवरोले आजही काही घरांत आहेत. शेवरोलेचं इंजिन म्हणजे नारंगी, ही समजूत इतकी पक्की आहे की या गाड्यांची इंजिनंही सर्रास नारंगी रंगवली जातात. पण तो प्रसिद्ध नारंगी रंग १९५५ च्या नव्या व्ही-८ इंजिनाबरोबर आला. तोपर्यंत शिवडीचा कारखाना बंद झाला होता. त्याआधीची सहा सिलिंडरची जुनी इंजिनं राखाडी छटेची असत. तेव्हा चाळीसच्या दशकातली शेवरोले हाती असेल, तर नारंगी डबा विकत घेण्याआधी थांबा.

पहिली पायरी: हे इंजिन नेमकं कोणतं?

रंगाच्या दुकानात जायच्या आधी एक कापड, थोडं रॉकेल आणि हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन इंजिनाजवळ बसा. बी-सिरीजमध्ये ब्लॉकच्या उजव्या बाजूला, म्हणजे डायनमो आणि डिस्ट्रिब्युटर ज्या बाजूला आहेत तिथे, एक छोटी धातूची पट्टी रिव्हेट मारून बसवलेली असते. तिच्यावर इंजिन नंबर. नंबरच्या आधीची अक्षरं महत्त्वाची.

समजा पट्टीवर "१८जीबी-यू-एच" असं काही आहे. १८ म्हणजे १८०० सीसी वर्ग (प्रत्यक्षात १७९८), जी म्हणजे एमजी, बी म्हणजे त्या इंजिनाची आवृत्ती, यू म्हणजे गिअरचा दांडा जमिनीवर मध्यभागी, आणि एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन. एल असेल तर लो कॉम्प्रेशन. एमजीबी १९६२ मध्ये आली तेव्हा तिचं इंजिन नुसतं १८जी होतं. १९६४ मध्ये आधी १८जीए आणि मग पाच बेअरिंगच्या क्रँकचं १८जीबी आलं. १९७१ पासून १८व्ही मालिका सुरू झाली. एमजीएच्या अगदी पहिल्या इंजिनांवर बीपी१५जीबी असं लिहिलेलं आढळतं.

या अक्षरांचा रंगाशी थेट संबंध आहे. एमजीए आणि सुरुवातीच्या एमजीबी मरून, नंतरची १८व्ही इंजिनं काळी. मधल्या काळातलं इंजिन असेल तर कुणाच्याही छातीठोक विधानावर जाऊ नका. तिथे ब्लॉकवरचा जुना रंगच काय तो निकाल देईल.

पुढचा प्रश्न: हे इंजिन याच गाडीचं आहे का? इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये बीएमसीच्या अनेक गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी जपलेल्या आहेत. चासी नंबर कळवून फी भरली की तिथून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यावर गाडी तयार झाल्याची तारीख, बॉडीचा रंग आणि मूळ इंजिन नंबर असतो. इंजिनाचा रंग मात्र त्यावर लिहिलेला नसतो. तरीही सर्टिफिकेटचा उपयोग मोठा आहे. नंबर जुळला तर तुमच्या ब्लॉकवर खालचा थर सापडेल तो या गाडीचाच. जुळला नाही, तर तुम्ही दुसऱ्याच गाडीच्या रंगाचा शोध घेत असाल.

पट्टीवर ४८जी अशी सुरुवात असलेला नंबर दिसला तर सावध व्हा. बीएमसी जुनी इंजिनं परत घेऊन, दुरुस्त करून, बदली इंजिन म्हणून विकत असे. त्यांतली गोल्ड सील इंजिनं सोनेरी रंगवलेली असत आणि सिल्व्हर सील चंदेरी. हे रंग कारखान्याचेच, त्यामुळे त्यांना चूक म्हणता येणार नाही. तुमच्या गाडीत असं इंजिन असेल तर ते सोनेरी ठेवायचं की गाडी नवी असतानाच्या रंगात न्यायचं, हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर गोल्ड सीलची पट्टी शाबूत असेल तर मी सोनेरीच ठेवीन. तोही त्या गाडीच्या आयुष्याचा भाग आहे.

अमेरिकन शेवरोले व्ही-८ असेल तर पट्टी शोधू नका. तिथे ब्लॉकच्या मागच्या टोकाला, बेलहाउसिंगजवळ (जिथे गिअरबॉक्स इंजिनाला जोडला जातो), ओतीव कास्टिंग नंबर असतो आणि ओतकामाची तारीख अक्षर-आकड्यांत असते. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. त्यापुढे दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. "सी १४ ५" म्हणजे १४ मार्च, पण १९५५ की १९६५ हे कास्टिंग नंबरवरूनच कळतं. पुढच्या बाजूला उजव्या हेडच्या खाली सपाट जागेवर ठोकलेला दुसरा कोड असतो. त्यातलं पहिलं अक्षर कारखान्याचं, म्हणजे एफ असेल तर फ्लिंट आणि टी असेल तर टोनावांडा. मग महिना-दिवस, आणि शेवटी इंजिनाचा प्रकार.

अँबॅसडर आणि पद्मिनीवाल्यांना एक विनंती. अँबॅसडरची बी-सिरीज पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार झाली, पद्मिनीचं फियाट घराण्यातलं इंजिन कुर्ल्याला. आराखडा परदेशी असला तरी रंगाची टाकी इथली होती. मॉरिसच्या इंजिनाचा रंग किंवा इटलीतल्या फियाटचा रंग बघून तुमच्या इंजिनाचा रंग ठरवू नका. त्याच सालातल्या, कधीही न खोललेल्या दोन-तीन गाड्या शोधा आणि त्यांच्या ब्लॉकवर काय आहे ते बघा. पेट्रोल काढून डिझेल टाकलेल्या गाडीत हा प्रश्न अर्थातच निराळा होतो, कारण तिथे मूळ इंजिनच राहिलेलं नसतं.

दुसरी पायरी: धुण्याआधी थांबा

सगळ्यात जास्त पुरावा इथे नष्ट होतो. ब्लॉक मशीन शॉपला गेला की पहिलं काम म्हणजे कॉस्टिकच्या टाकीत उकळणं. पाण्याच्या वाटांमधला गाळ निघतो, ते गरजेचंही आहे, पण बाहेर आलेल्या ब्लॉकवर जुन्या रंगाचा कणही शिल्लक राहत नाही. सँडब्लास्टिंगचंही तेच. म्हणून रंगाचा शोध इंजिन उतरवल्याच्या दिवशी करायचा, ब्लॉक गॅरेजबाहेर जायच्या आधी. मिस्त्रीला हे आधीच बजावून ठेवा. तो त्याच्या सवयीनं चांगल्या मनानंच सगळं घासून चकाचक करून ठेवेल.

आधी फोटो. चारही बाजूंनी, खालून, सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न वापरता. प्रत्येक फोटोत एक पांढरा कोरा कागद ठेवा, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग किती पिवळट किंवा निळसर केला आहे ते नंतर ताडून पाहता येईल. मग एक-एक भाग उतरवताना त्याच्या मागची जागा टिपत जा.

तिसरी पायरी: जुना रंग कुठे लपतो

बहुतेक जुनी इंजिनं दोन-तीनदा तरी रंगवलेली असतात, आणि नंतरचा रंग मारणारा माणूस भाग उतरवून रंगवत नाही. जे समोर दिसतं त्यावर ब्रश फिरवतो. म्हणून जिथे ब्रश पोहोचला नाही तिथे बघायचं.

बी-सिरीजमध्ये सगळ्यात हमखास जागा म्हणजे टॅपेटची बाजूची झाकणं. ती डाव्या बाजूला, मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरच्या खाली दडलेली असतात. मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय तिथे ब्रश जातच नाही. तिथल्या दोन झाकणांच्या मधला ब्लॉकचा भाग नीट तपासा. मग डायनमोच्या ब्रॅकेटमागे, डिस्ट्रिब्युटरच्या क्लँपखाली, तेल फिल्टर बसतो त्या बैठकीभोवती, इंजिन माउंटिंगच्या पाठीमागे. पुढच्या टायमिंग कव्हरची खालची कड आणि मागच्या प्लेटची गिअरबॉक्सकडची कडही सोडू नका. सर्वांत खाली, सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) वरच्या काठाजवळ, वर्षानुवर्षांचा तेल-धुळीचा चिकटा साचलेला असतो. तो चिकटा खरवडताना हात हलका ठेवा. त्यानं खालचा रंग हवेपासून आणि उन्हापासून जपलेला असतो.

इथे एक तर्क लावावा लागतो. इंजिन कारखान्यात बहुतांशी जोडून झाल्यावर रंगवलं जाई. त्यामुळे एखाद्या ब्रॅकेटखाली कोरं लोखंड दिसलं, तर तो ब्रॅकेट रंग मारण्याआधीच बसलेला होता. त्याखाली रंग दिसला, तर तो नंतर बसला. बोल्टच्या डोक्यांवर इंजिनाचाच रंग असेल, तर ते बोल्ट जागेवर असतानाच फवारणी झाली. ब्लॉकवर कुठे रंग आहे आणि कुठे नाही, हे एका कागदावर काढून ठेवा. पुढे इंजिन रंगवताना कोणते भाग लावून रंगवायचे आणि कोणते वेगळे, हे तोच कागद सांगेल. रंगाची छटा अचूक जुळली आणि गॅस्केटच्या कडा, बोल्ट, फ्रॉस्ट प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांवर बसवलेल्या गोल चकत्या) चुकीचे रंगले, तर जाणकाराला ते लगेच कळतं.

चिकटा काढायला रॉकेल आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश नको, जोराच्या पाण्याचा फवारा नको. पेंट थिनर तर अजिबात नको; जुना रंग त्यात विरघळून एकमेकांत मिसळतो आणि मग कुठला थर कुठला हे सांगता येत नाही.

चौथी पायरी: थर उघडणं

जागा सापडली की ६०० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून बोटाच्या टोकानं एकाच ठिकाणी हळूहळू गोल घासा. मधे लोखंड दिसेपर्यंत. मग १००० नंबरच्या पेपरनं कडा पसरत न्या. झाडाच्या खोडावर दिसतात तशी वर्तुळं उमटतील: मधोमध लोखंड, त्याभोवती सगळ्यात जुना थर, मग त्यानंतरचे. लोखंडाला चिकटून असलेला थर हा तुमचा उमेदवार.

कोरडं घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं, विशेषतः पिवळ्या आणि हिरव्या रंगांत. क्रोम यलो म्हणजे लेड क्रोमेट, आणि त्यात प्रशियन ब्लू मिसळून जुने हिरवे रंग बनवत. पाणी लावून घासलं की धूळ उडत नाही. एन-९५ मास्क लावा, हातमोजे घाला, आणि वापरलेला कपडा घरच्या धुण्यात टाकू नका. लहान मुलं जवळ असतील तर हे काम दुसऱ्या दिवसावर टाका.

आता इथल्या दोन फसगती.

पहिली रेड ऑक्साईडची. आपल्याकडे लोखंड दिसलं की आधी रेड ऑक्साईडचं अस्तर मारतात. एमजीच्या मरूनच्या शोधात असलेल्या माणसाला खालचा विटकरी थर दिसला की तो आनंदानं उडी मारतो, आणि ते अस्तर असतं. ओळखायचं कसं? रेड ऑक्साईड मंद आणि खडूसारखं, बोटाला थोडं लागणारं. मरून रंग गडद, वाइनच्या छटेकडे झुकणारा आणि ओला केला की खोल दिसतो. दोन्ही शेजारी ठेवले तर चूक होत नाही, म्हणून रेड ऑक्साईड मारलेली एक पट्टी तुलनेसाठी जवळ ठेवा.

दुसरी फसगत ब्लॉकच्या आतल्या बाजूची. काही मेकॅनिक ओतीव लोखंडाच्या आतल्या भिंतींना तेल लवकर निथळावं म्हणून लालसर सीलर लावतात. तो बाहेरच्या रंगाचा पुरावा नाही. आतलं सोडून द्या.

एका जागेवर विश्वास ठेवू नका. ब्लॉकवर वेगवेगळ्या बाजूंना किमान तीन ठिकाणी हेच करा. रॉकर कव्हर वेगळं तपासा, कारण ते सहज निघतं आणि म्हणून सहज बदललेलंही असतं. ब्लॉक हिरवा आणि रॉकर कव्हर मरून निघालं, तर कव्हर दुसऱ्या इंजिनाचं असण्याची शक्यताच जास्त.

पाचवी पायरी: जे दिसतं ते खरं आहे का

साठ वर्षं गरम तेलात न्हालेला रंग मूळ छटेचा राहत नाही. तेलाचा पिवळा-तपकिरी थर त्यावर वार्निशसारखा बसतो. फिकट निळा रंग त्याखाली हिरवा दिसतो, हिरवा रंग शेवाळी, मरून जवळजवळ तपकिरी. एक्झॉस्टच्या जवळचा भाग उष्णतेनं आणखी गडद होतो. म्हणून छटा ठरवण्यासाठी नमुना एक्झॉस्टपासून लांबचा घ्या.

सगळ्यात खात्रीची युक्ती पोपड्याची आहे. कुठे रंगाचा पोपडा सुटत असेल तर ब्लेडच्या टोकानं तो अलगद उचला आणि उलटा करा. लोखंडाकडची बाजू तेल, ऊन आणि धूर यांपासून वाचलेली असते. इथे अस्तर नसेल, तर हीच मूळ छटेच्या सर्वांत जवळची गोष्ट. अशा दोन-तीन पोपड्या काचेच्या छोट्या बाटलीत घालून, कुठून काढल्या ते लिहून जपून ठेवा.

बघायची जागाही ठरलेली हवी. ट्यूबलाइटखाली नाही, पिवळ्या बल्बखाली नाही, भर दुपारच्या उन्हातही नाही. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, उत्तरेकडच्या खिडकीजवळ किंवा पडवीच्या सावलीत, मागे पांढरा कागद ठेवून बघा. दोन रंग एका दिव्याखाली अगदी एकसारखे दिसतात आणि बाहेर उजेडात वेगळे निघतात, हे रंगकामातलं नेहमीचं वास्तव आहे. म्हणून शेवटी जुळणीही तिथेच करा जिथे पहिल्यांदा पाहिलं होतं.

कागदपत्रांचं काय

वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स लिस्ट मिळवाच, पण मुख्यतः कुठला भाग कुठे बसतो आणि कोणता भाग मूळचा, यासाठी. जुन्या जाहिरातपत्रकांतल्या रंगीत चित्रांवर छटेसाठी अवलंबून राहू नका. ती चित्रं बऱ्याचदा हातानं सुधारलेली असत, आणि छपाईची शाई साठ वर्षांत फिकी होतेच. प्रदर्शनात ठेवलेली इंजिनंही खास पॉलिश करून, क्रोम करून सजवलेली असत. मॅन्युअलमधले कृष्णधवल फोटो मात्र एका कामाला फार उपयोगी आहेत: कोणता भाग गडद आणि कोणता फिकट, म्हणजे काय रंगवलं होतं आणि काय नुसतं लोखंड किंवा ॲल्युमिनियम सोडलं होतं, ते त्यांतून कळतं.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कधीही न खोललेली, मूळ अवस्थेतली दुसरी गाडी. मालकाला आदरानं विचारा, कुठेही हात न लावता बॅटरीच्या उजेडात बघा. बक्षीस मिळालेली, झगमगीत दुरुस्त केलेली गाडी संदर्भ म्हणून घेऊ नका. तिच्या मालकानंही कुठल्या तरी डब्यावर विश्वास ठेवलेला असू शकतो.

रंगाच्या दुकानात

परदेशातून "एमजी मरून", "बीएमसी ग्रीन" अशा नावांचे डबे मिळतात. एकाच नावाचे दोन उत्पादकांचे डबे शेजारी उघडले तर छटा वेगळ्या निघतात. डब्यावरचं नाव म्हणजे निर्णय नाही. तुमच्या बाटलीतल्या पोपडीशी जो जुळेल तो खरा. इथल्या कार पेंटच्या दुकानातही तुम्हाला हवी ती छटा मिसळून मिळते, आणि बहुतेकदा तेच सोयीचं आणि स्वस्त पडतं.

दुकानात रंग वाचणारं यंत्र असेल तर त्याला नाण्याएवढी तरी सपाट, स्वच्छ जागा लागते. ओतीव लोखंडाच्या खडबडीत पृष्ठभागावर ते फसतं. टॅपेटचं झाकण किंवा रॉकर कव्हरची सपाट बाजू घेऊन जा, पण तो भाग मूळचा आहे याची खात्री असेल तरच. पाच वेळा वाचन घ्यायला सांगा आणि एखादं फारच वेगळं आलं तर ते टाका. यंत्रानं दिलेला फॉर्म्युला ही सुरुवात. त्यानंतर टिंटर (छटा बदलणारा दाट रंग) थेंबाथेंबानं घालत डोळ्यांनी जुळवणारा अनुभवी माणूस लागतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. शनिवारी संध्याकाळी गर्दीत जाऊ नका.

छटा फोनवर किंवा पत्रानं सांगायची वेळ आली तर ठरावीक रंगपट्टीचा आधार घ्या. ब्रिटिश स्टँडर्ड ३८१सी या पट्टीत ब्रन्सविक ग्रीनच्या तीन पायऱ्या आहेत: २२५ फिकट, २२६ मध्यम, २२७ गडद. तुमचा हिरवा यांपैकी एखाद्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही, पण "२२६ पेक्षा किंचित निळसर" असं लिहिलं की समोरच्याला अचूक कळतं. "पोपटीही नाही आणि बाटलीहिरवाही नाही" असं लिहून काही कळत नाही.

चमकही ठरवा. त्या काळी इंजिनावर काचेसारखी चमक नसे. भराभर फवारलेलं अर्धवट चमकीचं इनॅमल, कुठे ओघळ, कुठे निसटलेला कोपरा. ओघळ मुद्दाम आणायचे नाहीत, पण वर क्लिअर कोट मारून इंजिन ओलं दिसेल असं करू नका.

नमुना आणि मग रंगकाम

मिसळलेला रंग लगेच ब्लॉकवर नको. भंगारातला ओतीव लोखंडाचा एखादा तुकडा घ्या, ब्लॉकला करणार तेच सगळं त्याला करा: चिकटा काढणं, थिनरनं पुसणं, अस्तराचा पातळ हात, रंगाचे दोन हात. पूर्ण वाळू द्या. इनॅमल वाळताना छटा गडद होते, म्हणून ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नका. मग इंजिन ऑइलचा थेंब एका कोपऱ्यावर, पेट्रोलचा दुसऱ्यावर, रात्रभर ठेवून पुसून बघा. रंग सुटला तर तो इंजिनाच्या कामाचा नाही.

लोकांना वाटतं की इंजिनासाठी सायलेन्सरला मारतात तसला उष्णतारोधक रंगच हवा. ब्लॉकमधून पाणी फिरतं, ते ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास असतं, म्हणून चांगलं इंजिन इनॅमल पुरतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र कित्येक शे अंश तापतो. त्यावर इंजिनाचा रंग टिकतच नाही, जळून जातो. त्याला इंजिनाचा रंग देऊ नका.

हार्डनर मिसळायचा दोन भागांचा रंग वापरणार असाल तर साध्या मास्कवर काम करू नका. त्यातला आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे, आणि बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय तो फवारू नये. घरच्या गॅरेजमध्ये एका भागाचं इनॅमल बरं.

फवारणीआधी इंजिन नंबरची पट्टी, सगळ्या मशीन केलेल्या जागा, पाण्याची आणि तेलाची तोंडं झाका. नंबरवर रंग बसला की पुढे कागदपत्रं तपासताना नसता त्रास होतो. डायनमो, कॉइल, कार्बोरेटर हे नंतर बसतील, त्यांच्यावर इंजिनाचा रंग चढवू नका. बाकी कुठे थांबायचं ते तुम्ही काढलेल्या कागदावर आहेच.

काम झालं की उरलेल्या रंगातला काही भाग काठोकाठ भरलेल्या छोट्या डब्यात ठेवा. डबा अर्धा रिकामा ठेवला तर रंगावर साय धरते. डब्यावर आणि एका वहीत लिहा: इंजिन नंबर, छटेचा फॉर्म्युला, कुठल्या दुकानात मिसळला, अस्तर कोणतं, तारीख. नमुन्याचा तुकडा आणि पोपड्यांची बाटली त्याच पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. कधी पाना निसटून खरचटलं, किंवा दहा वर्षांनी पुढच्या मालकाला रॉकर कव्हर बदलावं लागलं, तर त्याला थेट दुकानात जाऊन तोच रंग मिसळून घेता येईल.